जे. ग्रेशम मेचन : संहितानिष्ठा आणि मंडळीची फूट

पूर्वजांकडून आलेला विश्वासांगीकार शब्दशः म्हणत राहावा आणि त्यातील विधानांचा अर्थ मात्र काळानुरूप बदलून घ्यावा, हे प्रामाणिकपणाला धरून आहे काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीत जो संघर्ष झाला, त्याच्या मुळाशी हा प्रश्न होता. जॉन ग्रेशम मेचन (१८८१-१९३७) यांनी तो भाषाभ्यासकाच्या शिस्तीने मांडला आणि त्यापायी पाळकपद गमावले. त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली स्थापन झालेली आणि पुढे ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन चर्च या नावाने ओळखली गेलेली मंडळी आजही लहानच आहे. तिची सभासदसंख्या तीस हजारांच्या आसपास भरते.

मेचन यांचा जन्म २८ जुलै १८८१ रोजी बाल्टिमोर येथे झाला. वडील वकील, आई जॉर्जियातील सुखवस्तू दाक्षिणात्य घराण्यातली. वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरी त्यांना बालपणी आईनेच शिकवली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गिल्डरस्लीव्ह या ख्यातनाम ग्रीक व्याकरणकाराकडे अध्ययन केल्यावर ते प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात आले. १९०५-०६ मध्ये जर्मनीत मारबुर्ग आणि ग्योटिंगन येथे त्यांनी शिक्षण घेतले. मारबुर्ग येथील विल्हेल्म हेरमान यांच्या व्याख्यानांनी त्यांच्या श्रद्धेचा पायाच हलवला. हेरमान यांच्या मते ख्रिस्तावरील विश्वास ऐतिहासिक घटनांच्या सत्यासत्यतेवर अवलंबून नव्हता. आणि असे मानणाऱ्या या गुरूची भक्ती मात्र कोणाही सनातनी श्रद्धावंताला लाजवील अशी उत्कट होती. उदारमतवादाचे आकर्षण मेचन यांनी असे आतून अनुभवले होते. त्यांच्या पुढील लेखनातील धार समजून घेताना ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. १९०६ पासून ते प्रिन्स्टनला नवा करार शिकवू लागले; परंतु पाळकपदाची दीक्षा त्यांनी १९१४ पर्यंत लांबवली. मधली वर्षे संशयाशी झगडण्यात गेली.

१९२१ मध्ये पौलाच्या धर्माच्या उगमाविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२३ मध्ये नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राथमिक पाठ्यपुस्तक आणि ख्रिस्ती धर्म व उदारमतवाद यांची तुलना करणारा छोटेखानी ग्रंथ अशी दोन पुस्तके आली. पाठ्यपुस्तक अनेक दशके वर्गांतून वापरले गेले. वादळ मात्र दुसऱ्या पुस्तकाने उठवले. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : ख्रिस्ती सिद्धान्त म्हणजे घडलेल्या घटनेचे कथन आणि त्या घटनेचा अर्थ. क्रूसावरील मरण हा इतिहास आहे, ते मानवाच्या पापांसाठी होते हा सिद्धान्त आहे, आणि दोहोंपैकी एक काढून घेतल्यास उरते ती निव्वळ नीती वा भावना. म्हणून उदारमतवाद ही ख्रिस्ती धर्माची शाखा नसून वेगळाच धर्म आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मंडळी ही ऐच्छिक संस्था असल्याने तिचा विश्वासांगीकार ज्यांना अमान्य असेल त्यांनी उघडपणे बाहेर पडावे, ही त्यांची मागणी होती.

प्रतिपक्षाची भूमिका १९२४ च्या ऑबर्न निवेदनात प्रकट झाली. बायबलची निर्दोषता, कुमारीपोटी जन्म, प्रायश्चित्त, सदेह पुनरुत्थान आणि चमत्कार यांविषयी महासभेने आवश्यक ठरवलेली सूत्रे पाळकांवर लादता येणार नाहीत, असे त्यावर सह्या करणाऱ्या बाराशेहून अधिक पाळकांचे म्हणणे होते. त्यांतील बहुतेकांना अप्रामाणिक म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मेचन यांना मूलतत्त्ववादी हे बिरुद रुचत नसे. १९२५ च्या स्कोप्स खटल्यात साक्ष देण्यास त्यांनी नकार दिला. शासनाच्या हस्तक्षेपाविषयी त्यांना तीव्र अविश्वास होता. मद्यबंदीच्या समर्थनार्थ आलेल्या ठरावालाही त्यांनी विरोध केला आणि त्याची किंमत मोजली. स्वातंत्र्याचा हा कैवारी १९१३ मध्ये प्रिन्स्टनच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश देण्याच्या मात्र विरोधात होता. चरित्रकाराला हे वगळता येत नाही.

१९२६ मध्ये त्यांची पदोन्नती महासभेने रोखली. १९२९ मध्ये प्रिन्स्टनची पुनर्रचना झाल्यावर त्यांनी फिलाडेल्फियात वेस्टमिन्स्टर धर्मशास्त्र विद्यालय काढले. निर्णायक वाद मात्र परदेशी मिशनकार्यावरून झाला. भारत, ब्रह्मदेश, चीन व जपान येथील कार्याची पाहणी करून १९३२ साली सादर झालेल्या हॉकिंग समितीच्या अहवालाने धर्मांतराऐवजी अन्य धर्मांशी सहकार्याचा पुरस्कार केला. मंडळीच्या परदेशी मिशन बोर्डाने त्याचा निःसंदिग्ध धिक्कार केला नाही, असा मेचन यांचा आक्षेप होता. (कोल्हापूर-सांगलीचे मिशन आणि डॉ. वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय याच बोर्डाच्या आश्रयाखाली होते.) १९३३ मध्ये त्यांनी स्वतंत्र मिशन मंडळ स्थापन केले. ते सोडण्याची आज्ञा महासभेने १९३४ मध्ये दिली, ती त्यांनी मानली नाही आणि १९३५ मध्ये त्यांच्यावर धर्मसभेचा खटला चालला. सैद्धान्तिक मतभेदांवरील कोणताही युक्तिवाद न्यायमंडळाने ऐकून घेतला नाही. आज्ञाभंग एवढाच मुद्दा ग्राह्य ठरला. ज्यांनी विश्वासांगीकाराच्या बाबतीत सैल अन्वयार्थाची मुभा मागितली होती, त्यांच्याच मंडळीने शिस्तीच्या नियमांचा अर्थ अत्यंत काटेकोर लावला. १९३६ मध्ये शिक्षा कायम झाली.

११ जून १९३६ रोजी फिलाडेल्फियात नवी मंडळी स्थापन झाली आणि मेचन तिचे पहिले सभाध्यक्ष झाले. ईश्वराचे सार्वभौमत्व, मानवाची पतितावस्था, केवळ कृपेने तारण आणि वडीलजनांच्या सभांमार्फत चालणारा कारभार ही वेस्टमिन्स्टर परंपरेची तत्त्वे तिने स्वीकारली. पण काही महिन्यांतच ख्रिस्ताच्या सहस्रवर्षीय राज्याविषयीचे मत आणि मद्यपानाविषयीची मोकळीक यांवरून आत मतभेद पेटले. नोव्हेंबरात स्वतंत्र मिशन मंडळाने मेचन यांनाच अध्यक्षपदावरून दूर केले. सहा आठवड्यांनी नॉर्थ डकोटातील काही लहान मंडळ्यांना भेट देण्यासाठी ते कडाक्याच्या थंडीत गेले आणि १ जानेवारी १९३७ रोजी बिस्मार्क येथे न्यूमोनियाने वारले. त्याच वर्षी एक गट फुटून बायबल प्रेस्बिटेरियन चर्च उभे राहिले. मेचन यांच्या मंडळीने प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ अमेरिका हे नाव घेतले होते. मूळ मंडळीने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९३९ मध्ये ते बदलावे लागले.