फ्लॉपीवाला शुगार्ट

जुने कॉम्प्युटर हौसेने जपणारी एक जमात जगभर आहे. आपल्या मंडळींतही असा एखाददुसरा असतोच. त्याच्या संग्रहाने घरातलं एक कपाट कायमचं अडवलंय अशी घरच्यांची तक्रार असते, पण ते सोडा. अशा मशीनचं आजारपण बहुधा फ्लॉपी ड्राइव्हपासून सुरू होतं. ड्राइव्हचा रबरी पट्टा सैलावतो, ग्रीस वाळून घट्ट होतं आणि सिंगापूरच्या दमट हवेत फ्लॉप्यांवर चक्क बुरशी धरते.

हल्ली यावर सोपा उपाय मिळतो. ड्राइव्हच्याच मापाची एक डबी असते. जुनी ड्राइव्ह काढायची, तीच केबल या डबीला लावायची आणि पुढे पेन ड्राइव्ह खोचायचा. पेन ड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या फाइलींच्या रूपात मावतात आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरला वाटत राहतं की आत खरीखुरी फ्लॉपी फिरतेय. ही डबी म्हणजे फ्लॉपी एम्युलेटर. बसवताना मात्र एक गोष्ट ठरवावी लागते : जोडणी आयबीएम पीसी पद्धतीची ठेवायची की शुगार्ट पद्धतीची?

हा शुगार्ट कोण, हे निदान सिंगापूरकरांना तरी माहीत असायला हवं.

ॲलन शुगार्टचा जन्म २७ सप्टेंबर १९३० चा, लॉस एंजेलिसचा. १९५१ मध्ये रेडलँड्स विद्यापीठातून इंजिनिअरिंग फिजिक्सची पदवी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तो आयबीएममध्ये रुजू झाला. काम काय, तर गिऱ्हाइकांकडे जाऊन बिघडलेली मशिन्स दुरुस्त करायची. १९५५ मध्ये त्याची बदली सॅन होजेच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे रॅमॅक नावाचं यंत्र तयार होत होतं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, आकार दोन मोठ्या कपाटांएवढा आणि साठवण सगळी मिळून ५ एमबी. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा त्यात कसाबसा मावेल. पण जगातली पहिली हार्ड डिस्क ती हीच.

पुढे शुगार्ट वरच्या पदावर गेला आणि १९६७ च्या सुमारास एक अडचण त्याच्या विभागाकडे आली. आयबीएमच्या नव्या मोठ्या कॉम्प्युटरना चालू करताना आधी त्यांच्या पोटातल्या सूचना भराव्या लागणार होत्या, कारण वीज गेली की त्या पुसल्या जायच्या. त्यासाठी काहीतरी स्वस्त आणि पोस्टाने पाठवता येईल असं हवं होतं. शुगार्टने हे काम डेव्हिड नोबल या इंजिनिअरकडे सोपवलं. नोबलने आधी टेप वगैरे चाचपून पाहिली आणि शेवटी तो ८ इंचाच्या लवचिक चकतीवर आला. धुळीने ती खराब व्हायची, म्हणून आतून मऊ कापड लावलेल्या पाकिटात ती कायमची बंद केली. चकती फिरताना आपोआप पुसली जायची. १९७१ मध्ये ही फ्लॉपी बाजारात आली. क्षमता ८० केबी.

बऱ्याच ठिकाणी शुगार्टला फ्लॉपीचा जनक म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. काम त्याच्या देखरेखीखाली सुरू झालं, हात मात्र नोबल आणि त्याच्या सहकाऱ्यांचे होते. शिवाय फ्लॉपी बाहेर आली तेव्हा शुगार्ट आयबीएममध्ये नव्हताच. १९६९ मध्ये तो मेमोरेक्समध्ये गेला, आणि त्याच्यामागोमाग आयबीएमचे कितीतरी इंजिनिअरही गेले. माणसं जोडण्याची हातोटी होती त्याच्याकडे.

१९७३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, शुगार्ट असोसिएट्स. विचार मोठा होता : छोट्या धंद्यांसाठी अख्खा कॉम्प्युटरच बनवायचा. पैसे संपत आले, माल तयार होईना, आणि १९७४ मध्ये त्याला बाहेर पडावं लागलं. कंपनी राहिली, तिच्यावरचं नावही राहिलं. १९७६ मध्ये याच कंपनीने सव्वापाच इंची फ्लॉपीची एसए-४०० ही ड्राइव्ह आणली आणि घरगुती कॉम्प्युटरचं युग खऱ्या अर्थाने सुरू झालं. तिच्या ३४ तारांच्या जोडणीला लोक शुगार्टची जोडणी म्हणू लागले. दुसऱ्या कंपन्यांनीही तीच उचलली. आणि त्या काळात स्वतः शुगार्ट काय करत होता? सांता क्रूझला मित्रांबरोबर बार चालवत होता आणि बोट घेऊन सामन मासे पकडत होता!

त्या ३४ तारांमध्येच एम्युलेटरचं गुपित आहे. जवळजवळ निम्म्या तारा नुसत्या अर्थिंगच्या. उरलेल्यांतून कॉम्प्युटर सांगतो : मोटर चालू कर, डोकं एक घर सरकव, आत की बाहेर. ड्राइव्ह उत्तर देते : मी शून्याव्या घरावर आहे, चकतीची एक फेरी झाली, हा घे डेटा. चकती कॉम्प्युटरला कधी दिसतच नाही. मग उत्तर देणारी मोटर आहे की पाच-पन्नास रुपयांची चिप, हे त्याला कळणार कसं? मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या हिशेबाने डबी सेकंदाला ५ वेळा फेरी झाल्याची खूण देते, झालं काम. गिरण्यांतली भरतकामाची मशिन्स आणि कारखान्यांतले जुने लेथसुद्धा आज अशा डब्यांवर चालू आहेत.

१९७९ मध्ये फिनिस कॉनर या सहकाऱ्याबरोबर शुगार्टने पुन्हा कंपनी काढली. नाव ठेवलं शुगार्ट टेक्नॉलॉजी. पण जुनी कंपनी तोवर झेरॉक्सने विकत घेतली होती. स्वतःचंच नाव स्वतःला वापरता येईना, म्हणून ते बदलून सीगेट केलं. १९८० मध्ये त्यांनी सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या जागेत बसणारी हार्ड डिस्क आणली, क्षमता ५ एमबी. दोन कपाटांचा रॅमॅक २४ वर्षांत एका खणात येऊन बसला.

१९८२ मध्ये सीगेट सिंगापूरला आली. इथे मजुरी कमी होती, सरकारने पायघड्या घातल्या होत्या आणि कामाला शिस्तीची माणसं मिळत होती. १९८४ च्या मंदीत शुगार्टने कॅलिफोर्नियातलं उत्पादन भराभर इकडे हलवलं. तिकडच्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, इकडे हजारो घरांत पगार सुरू झाला. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात दिवसभर उभं राहून तबकड्या जोडणाऱ्या कितीतरी बायका सिंगापूरच्या आणि मलेशियाच्या होत्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जगातल्या जवळपास निम्म्या हार्ड डिस्क इथे जुळवल्या जात होत्या. पुढे चक्र फिरलं. काम थायलंड आणि चीनकडे गेलं, आणि २००९ मध्ये सीगेटने अँग मो किओचा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. एकाची नोकरी गेली म्हणून दुसऱ्याला मिळाली, आणि नंतर त्याचीही गेली. नफ्याच्या आकड्यांत हे दिसत नाही.

शुगार्ट स्वभावाने अवलिया. हवाईयन शर्ट घालून ऑफिसात यायचा. १९९६ मध्ये त्याने आपल्या अर्नेस्ट नावाच्या कुत्र्याला अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीत उभं करण्याचा घाट घातला, का तर लोकांना राजकारण्यांचा कंटाळा आलाय हे दाखवायला. जुलै १९९८ मध्ये सीगेटच्या संचालक मंडळाने त्याला पायउतार केलं, म्हणजे स्वतः काढलेली दुसरी कंपनीही हातची गेली. १२ डिसेंबर २००६ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीने, माँटेरे इथे तो वारला. वय ७६.

हौशी मंडळींना एक सूचना मात्र इथेच देऊन ठेवते. एम्युलेटर ड्राइव्हची जागा घेतो, फ्लॉप्यांची नाही. श्री-लिपी किंवा आकृतीत टाइप केलेलं घरातलं जुनं मराठी लिखाण फ्लॉप्यांवर पडून असेल, तर त्यांच्या फाइली करून घ्यायला एक चालू ड्राइव्ह लागतेच. तेव्हा डबी बसवली म्हणून जुनी ड्राइव्ह लगेच कचऱ्यात टाकू नका.

आणि हो, २०१५ मध्ये सीगेटने आयर राजा क्रेसेंटला आपलं नवं डिझाइन सेंटर उघडलं. त्या इमारतीला नाव दिलं, द शुगार्ट.