शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी

मालवणजवळचे देवबाग हे गाव म्हणजे भूमीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका अंगास अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदी. नदीत होडी वल्हविणाऱ्यास धाप लागते, कारण श्रमणाऱ्या स्नायूंना अधिक प्राणवायू हवा असतो. काठावरचा माड मात्र निश्चल उभा असतो. मग तोही श्वसन करीत असेल काय? होय, रात्रंदिवस करतो. अन्नातून शक्ती मिळविण्याची माणसाच्या व माडाच्या पेशींची रीत पुष्कळशी सारखीच आहे. हे साम्य उघड करण्यात एका मराठी विदुषीचा वाटा आहे. त्या म्हणजे कमलाबाई सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. त्यांचे वडील व चुलते रसायनशास्त्रज्ञ होते. विख्यात लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून कमलाबाईंनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. परंतु संस्थेचे संचालक, नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर रामन यांनी, त्या स्त्री आहेत म्हणून तो नाकारला. कमलाबाई खचल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर एक वर्षाच्या बोलीवर त्यांना प्रवेश मिळाला; काम पसंत पडेपर्यंत मान्यता मिळणार नव्हती. हा अपमान त्यांच्या मनात सलत राहिला, पण कामात त्यांनी कसूर केली नाही. दूध व डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी संशोधन केले. वर्ष सरले, रामन संतुष्ट झाले आणि संस्थेची दारे मुलींना उघडली.

१९३७ साली त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्याचा अभ्यास करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन आढळले. प्राण्यांच्या पेशींतील त्याचे कार्य आधीच ठाऊक होते. पेशीत साखर लाकडासारखी भडकून जळत नाही. तिच्यातील शक्ती पायरीपायरीने मुक्त होते. विहिरीवरच्या घागरी हातोहात पुढे जाव्यात, तसे इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातात. शेवटी प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते. या साखळीतील एक हात म्हणजे सायटोक्रोम सी. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली कमलाबाईंना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक आणि नंतर संचालक झाल्या. माड-ताडांसारख्या झाडांपासून मिळणारी नीरा कुपोषित मुलांना व गर्भवती स्त्रियांना पोषक ठरते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

ज्या संस्थेने दार लावून घेतले, तेथेच त्यांनी आपल्या कामाने पुढच्या मुलींसाठी वाट केली. माड वाऱ्यात डुलताना दिसला, की त्याच्या पेशीपेशीत अखंड चाललेले श्वसन आठवावे, आणि कमलाबाईही आठवाव्यात.