ऑयलर आणि दहा अंकी मूळ संख्या



मूळ संख्या शिकवताना आपण बहुतेक १०० पर्यंत येऊन थांबतो. पण वर्गात एखादं मूल हमखास विचारतं, की खूप मोठी संख्या मूळ आहे हे ओळखायचं कसं? त्यासाठी लेओनार्ड ऑयलर यांची ही गोष्ट.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक. मुलानंही तेच व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण योहान बर्नुली या गणितज्ञांनी पोराची बुद्धी ओळखली. १७२७ साली ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले.

फर्मा या थोर गणितज्ञाला वाटत होतं की २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे. ऑयलरनी दाखवून दिलं, की तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो! मुलांना हा भागाकार वहीत जरूर करायला द्या. फर्मांनी तो का केला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरी संख्या होती २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. मर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत टाकली होती, पण सिद्धता दिली नव्हती. घात मूळ संख्या असला की झालं, असं नसतं हं. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते आहे २३ × ८९. आता गंमत बघा. २३ आणि ८९ या दोघांनाही ११ ने भागलं तर बाकी १ उरते. ८ ने भागलं तर बाकी ७ आणि १.

ऑयलरनी हाच धागा पकडला. या दहा अंकी संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ३१ ने भागून बाकी १ आणि ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरलीच पाहिजे. म्हणजे २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३. शोध फक्त वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच घ्यायचा. तिथवर साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत, पण या चाळणीतून जेमतेम ऐंशीच्या आसपास उरतात. त्यातल्या एकीनंही भाग गेला नाही. १७७२ साली त्यांनी पत्रातून कळवलं, की संख्या मूळ आहे. पुढे कित्येक दशकं तीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली.

तेव्हा ते पासष्टीचे होते. उजवा डोळा तरुणपणीच अधू झालेला, डावा मोतीबिंदूनं गेलेला. आदल्याच वर्षी घर आगीत जळालं होतं. आकडेमोड डोक्यात चालायची, लिहून घ्यायला मुलगे आणि सहायक.

१८ सप्टेंबर १७८३ ला ते गेले. त्या दिवशीही त्यांनी नातवंडाला गणित शिकवलं होतं, आणि पाटीवर बलूनच्या उड्डाणाचं गणित मांडलं होतं.