सर विश्वेश्वरय्या : पदवीनंतरहि विद्यार्थीच राहिलेले इंजिनियर

राहाता, कोपरगांव, श्रीरामपूर या बाजूंनीं आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलांच्या तोंडीं एक इंग्रजी शब्द इतका रुळला आहे कीं, तो मराठीच वाटावा. घरीं जमीन किती, असें विचारलें कीं मुलगा सांगतो : एवढी कोरडवाहू, एवढी पाटाखालीं आणि एवढी ब्लॉकची. हा ब्लॉक म्हणजे काय, असें आम्हीं एकदां वर्गांत विचारलें. कालव्याच्या पाण्याचा ठरलेला हक्क, इतकें पुष्कळांस सांगतां आलें. पण ही पद्धत मूळ कोणाच्या डोक्यांतून निघाली, हें एकासहि ठाऊक नव्हतें. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें फार उशिरां कळलें. ज्यांनीं ती बसविली, त्या सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें चरित्र आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस थोडक्यांत सांगावें, असा आमचा हेतु आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांत मुद्देनहळ्ळी या खेड्यांत १५ सप्टेंबर रोजीं झाला. वर्ष १८६० कीं १८६१ यांविषयीं दोन मतें आहेत. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृताचे विद्वान् होते. विद्या पुष्कळ, पैसा थोडा, अशी घरची स्थिति होती. मुलगा शाळेंत असतांनाच वडील वारले. पुढें मामांच्या आश्रयानें तो बंगळूरास शिकूं लागला. सेंट्रल कॉलेजांत असतांना कोडगु प्रांतांतील एका कुटुंबांत राहून, तेथील मुलांना शिकवून त्यानें आपला खर्च भागविला. १८८१ सालीं तो बी. ए. झाला. दुसऱ्याची मुलें शिकवितां शिकवितां स्वतः शिकलेला हा विद्यार्थी होता, हें येथेंच ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

इंजिनियर होण्याची इच्छा होती, पण पैसा नव्हता. म्हैसूर सरकारनें शिष्यवृत्ति दिली आणि तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें आला. या कॉलेजाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १८५४ सालीं तें निघालें, तेव्हां तें कॉलेज नव्हतेंच. सरकारी बांधकामाकडील हाताखालच्या लोकांस रस्ते, पूल, पाटबंधारे यांचें काम नीट शिकवावें म्हणून काढलेला तो एक वर्ग होता. म्हणजे आपल्या प्रांतांत इंजिनियरीचें शिक्षण सुरू झालें तें काम करीत असलेल्या माणसांपासून, आणि पदवीचे विद्यार्थी मागाहून आले. १९११ पासून या संस्थेस इंजिनियरिंग कॉलेज असें नांव मिळालें आणि २०२२ सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा आला. १८८३ सालीं विश्वेश्वरय्या एल. सी. ई. च्या परीक्षेंत पहिले आले. पहिल्यास सरकारी नोकरी ठरलेली असे. त्याप्रमाणें १८८४ सालीं ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनियर म्हणून नाशिकास रुजू झाले.

पुढील गोष्ट खानदेशांतील आहे आणि ती आम्हांस फार आवडते. पांझरा नदीच्या पात्राखालून नळ नेऊन पाट पलीकडे काढावयाचा, असें काम या नवशिक्या इंजिनियराकडे आलें. दिवस पावसाळ्याचे. खणावें तों पूर यावा आणि केलेलें सारें वाळूनें बुजून जावें. त्यांनीं वरिष्ठांस लिहिलें कीं, पाऊस सरेपर्यंत काम थांबवावें, नाहीं तर पैसा व्यर्थ जाईल. वरिष्ठांस वाटलें कीं, हा तरुण काम टाळतो आहे. परीक्षेंत पहिला आलेला, आपलें म्हणणें खरें आहे हें पक्कें जाणणारा तरुण अशा वेळीं काय करील? रुसेल, वाद घालील, किंवा राजीनामा लिहील. विश्वेश्वरय्यांनीं पुन्हां काम हातीं घेतलें. पुन्हां पूर आला. एकदां तर ते स्वतः पुरामुळें पलीकडे अडकून पडले. अखेर वरिष्ठांची खात्री पटली, काम थांबलें, आणि पावसाळा सरतांच तें थोडक्या अवधींत पुरें झालें. पुस्तकांत नदीचा वेग काढण्याचें सूत्र असतें; वरिष्ठांची समजूत कशी घालावी, याचें सूत्र कोठेंच नसतें. तें ते पांझरेच्या कांठीं शिकले.

यानंतरचीं वर्षें आम्ही भराभर सांगतों. १८९४-९५ सालीं सिंधमध्यें सक्कर शहरास पाणी द्यावयाचें होतें. सिंधू नदीचें पाणी अतिशय गढूळ, आणि तें गाळण्याच्या मोठ्या टाक्या बांधण्यास नगरपालिकेपाशीं पैसा नाहीं. विश्वेश्वरय्यांनीं नदीच्या पात्रांतच विहीर घेतली. वाळूंतून झिरपून आलेलें स्वच्छ पाणी तींत जमावें, तें यंत्रानें टेकडीवर चढवावें आणि तेथून शहरांत सोडावें, अशी ती योजना होती. वाळू गाळण्याचें काम फुकट करीत होती. कोणी तिला तें सांगितलें नव्हतें, इतकेंच. पुण्याजवळ खडकवासल्यास त्यांनीं सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, ते १९०३ च्या सुमारास. पूर्वीं पुराचें पाणी सांडव्यावरून वाहून जाई. या दरवाज्यांमुळें सुमारें आठ फूट अधिक पाणी अडूं लागलें, आणि पाणी ठरलेल्या पातळीवर चढलें कीं रात्रीं-अपरात्रीं पहारेकऱ्यास न उठवितां दरवाजे आपले आपण उघडत. हीच युक्ति पुढें ग्वाल्हेर संस्थानांत व कावेरीवरील कृष्णराजसागर धरणावर योजिली गेली.

आतां त्या ब्लॉकविषयीं. नीरेच्या कालव्यावर असें झालें होतें कीं, ज्याची जमीन पाटाच्या तोंडाशीं, त्यास हवें तितकें पाणी; जो दूर, त्याचें रान कोरडें. जवळच्या शेतांत पाणी इतकें मुरे कीं, जमीन खारवून जाई, डबकीं सांचत आणि हिंवतापानें गांव जर्जर होई. एकीकडे तहान आणि दुसरीकडे बुडती, असा तो प्रकार होता. विश्वेश्वरय्यांनीं १८९९ सालीं अशी योजना मांडली कीं, पाणी थोडक्या गांवांत न जिरवितां पुष्कळ गांवांत वांटावें. प्रत्येक गांवीं योग्य जमिनीचे ठरलेले तुकडे, म्हणजे ब्लॉक, पाडावे. ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्यांत ऊस आणि बाकींत कमी पाण्याचीं पिकें घ्यावीं. आणि हीं पिकें आळीपाळीनें फिरवावीं. ज्यांस मुबलक पाणी मिळत होतें, त्यांनीं अर्थातच विरोध केला, आणि वर्तमानपत्रांतहि टीका झाली. परंतु पाटबंधाऱ्यांच्या चौकशीसाठीं १९०१ सालीं नेमलेल्या कमिशनपुढें त्यांची साक्ष झाली, तेव्हां कमिशननें या पद्धतीस अनुकूल मत दिलें. नीरेवरून ती दख्खनच्या इतर कालव्यांवर गेली. गोदावरीच्या कालव्यांचें पाणी आपल्या जिल्ह्यांत आलें आणि भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें होऊन प्रवरेचे पाट भरून वाहूं लागले, तेव्हां विश्वेश्वरय्या मुंबई सरकारची नोकरी सोडून कधींच गेले होते. शब्द मात्र मागें राहिला.

नोकरी त्यांनीं १९०८ सालीं आपण होऊन सोडली. कित्येक वरिष्ठांस मागें टाकून ते चढले होते. पण खात्याची अगदीं वरची जागा त्या काळीं हिंदी मनुष्यास मिळणार नव्हती, हें त्यांस दिसत होतें. कुरकुर करीत खुर्ची उबवीत बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें.

आणि येथें आम्हांस मुख्य मुद्दा सांगावयाचा आहे. आमचे कित्येक तरुण पदवीचा कागद चौकटींत बसवितात आणि त्याच दिवशीं पुस्तक मिटतात. विश्वेश्वरय्यांचें शिकणें कागद मिळाल्यावर वाढलें. १८९८ सालीं, नोकरींत असतांनाच, ते जपानास गेले आणि सुमारें तीन महिने तेथील कारखाने व शाळा पाहत हिंडले. खेड्यांतील मुलांस हाताचें काम शिकवून जपाननें एका पिढींत आपला कायापालट कसा केला, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १९०८ सालीं निवृत्त होतांच ते पुन्हां परदेशीं निघाले, तेंहि विश्रांतीसाठीं नव्हे. इकडे त्याच वर्षीं मुसी नदीच्या महापुरानें हैदराबाद उद्ध्वस्त झालें होतें. निजाम सरकारची हांक त्यांस परदेशांतच गांठून आली. परत येऊन त्यांनीं शहराच्या वरच्या अंगास दोन तलाव बांधण्याची योजना आंखून दिली. वयाची सत्तरी उलटल्यावर, १९३५ सालीं, मोटारी बनविण्याचा कारखाना मुंबईस काढतां येईल कीं काय, हें पाहण्यासाठीं ते युरोप-अमेरिकेंत फिरले.

१९०९ सालीं ते म्हैसूरचे चीफ इंजिनियर झाले आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत दिवाण होते. धरण, लोखंडाचा कारखाना, बँक हीं कामें प्रसिद्धच आहेत. आम्हांस शिक्षक या नात्यानें दुसरें काम अधिक मोलाचें वाटतें. त्यांच्या कारकीर्दींत संस्थानांतील शाळांची संख्या दुपटीहून अधिक झाली, १९१६ सालीं विद्यापीठ निघालें आणि १९१७ सालीं बंगळूरास इंजिनियरिंग कॉलेज. परंतु कॉलेजापर्यंत पोंचणारीं मुलें थोडीं. म्हणून त्याखालीं यांत्रिक कामाच्या व धंद्यांच्या शाळाहि त्यांनीं काढविल्या. आपल्या नगरांतहि त्या सुमारास असे प्रयत्न चालू होते. मिशनच्या पेटिट औद्योगिक शाळेंत मुलें हत्यार धरावयास शिकत होतीं, आणि चर्चिल नांवाचे अमेरिकन इंजिनियर विणकरांचा हातमाग सुधारण्यांत गढले होते. इतकें असूनहि हाताच्या कामाविषयींचा कमीपणा गेला नाहीं. मुलगा यंत्रांत रमतो, असें आम्हीं एका पालकांस कौतुकानें सांगितलें, तर त्यांचा चेहरा पडला. त्यांस वाटलें, आम्ही तक्रारच करीत आहों.

१९२१ सालीं मुंबई सरकारनें धंदेशिक्षणाचा विचार करण्यास एक समिति नेमली आणि तिचे अध्यक्ष विश्वेश्वरय्या झाले. मजुरापासून संशोधकापर्यंत प्रत्येक पायरीवरील मनुष्यास शिकण्याची सोय असावी आणि शेवटीं विद्यापीठाच्या दर्जाचें तंत्रशिक्षण इलाख्यांतच मिळावें, असा त्यांचा आग्रह होता. समितींत फूट पडली; हिंदी सभासद एका बाजूस आणि युरोपियन दुसऱ्या बाजूस, असे दोन अहवाल झाले. सरकारनें त्यांतून फारसें कांहीं केलें नाहीं. मुंबई विद्यापीठानें रसायनतंत्राचा विभाग काढला तो १९३३ सालीं; मध्यें एक तप गेलें, आणि त्या तपांत शाळेंतून बाहेर पडलेलीं हुशार मुलें कारकून झालीं.

चरित्रकारानें नायकाची प्रत्येक गोष्ट गोड मानावी, असा नियम नाहीं. १९१८ सालीं म्हैसूरच्या महाराजांनीं मागासलेल्या जातींस सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून समिति नेमली, तेव्हां विश्वेश्वरय्यांस तें मान्य झालें नाहीं. गुणावांचून दुसरी कसोटी लावल्यास कारभार बिघडेल, असें त्यांचें मत होतें, आणि त्यांनीं दिवाणगिरी सोडली. पदासाठीं मत गिळलें नाहीं, याबद्दल आम्ही त्यांस मान देतों. परंतु त्यांचें मत आम्हांस पटत नाहीं. पुण्याची शिष्यवृत्ति मिळाली नसती, तर त्यांच्या गुणांची कसोटी कोणी व कोठें घेतली असती? शिवाय त्यांच्या घरीं दारिद्र्य असलें तरी विद्या होती. ज्या घरांत दोन्ही नव्हतीं, अशा घरांतून आलेले पुष्कळजण हा अंक वाचणार आहेत, आणि लिहिणारेहि अशाच घरांतले आहेत.

आगगाडींत बसल्या बसल्या रुळाला तडा गेल्याचें त्यांनीं आवाजावरून ओळखलें, अशी एक कथा मुलांच्या पुस्तकांत हटकून असते. ती आम्हीं मुद्दाम गाळली. केलेलीं कामें पुरेशीं आहेत.

उतारवयांतील दोन गोष्टी मात्र सांगावयाच्या राहिल्या. भद्रावतीच्या लोखंडी कारखान्याची व्यवस्था ते पाहत असत, त्या कामाचा सांचलेला मोबदला त्यांनीं घरीं नेला नाहीं. तो बंगळूरास मुलांना धंदे शिकविणारी संस्था काढण्यास दिला, आणि ती १९४३ सालीं निघाली. संस्थेस आपलें नांव त्यांनीं लावूं दिलें नाहीं, महाराजांचें लावविलें. त्यांच्या पश्चात् मात्र लोकांनीं त्यांचें ऐकलें नाहीं. नागपूरचें इंजिनियरिंग कॉलेज आणि बेळगांवचें तंत्रविद्यापीठ हीं दोन्ही आज त्यांच्याच नांवानें चालतात, आणि १५ सप्टेंबर हा दिवस इंजिनियरांचा दिवस म्हणून देशभर पाळतात.

दुसरी गोष्ट १९५२ सालची. बिहारांत गंगेवर पूल बांधावयाचा होता आणि जागेविषयीं वाद पडला होता. निवाड्यासाठीं नव्वदी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांस बोलाविलें. ते गेले, नदीचा प्रवाह व कांठ पाहिले आणि मोकामा येथील जागा सुचविली. तेथें १९५९ सालीं पूल पुरा झाला; त्यावरून आगगाडी धांवूं लागली, तेव्हां ते हयात होते. एप्रिल १९६२ मध्यें बंगळूरास त्यांचें देहावसान झालें. ज्या खेड्यांतून ते शिकावयास निघाले होते, त्या मुद्देनहळ्ळीसच त्यांचा अंत्यविधि झाला.