न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, बडोद्यात नाही

हल्ली आपल्या आदिलाबादच्या मराठी घरांतूनही मुले शिकायला अमेरिकेला जातात. फीची सोय कर्ज काढून होते, पण घरच्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टींत अडकलेला असतो. मुलगा राहील कुठे, जेवेल काय, सोबतीला कोण असेल? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रश्नांना सामोरे गेलेले एक विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. परक्या शहरात ते कसे राहिले, हे मात्र आपण फारसे सांगत नाही.

फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांचे वडील रामजी सकपाळ वारले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आमचा जन्म बँकेत गेला, म्हणून हिशेब केल्यावाचून राहवत नाही. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे महिन्याला १७२ रुपयांच्या आसपास. बदल्यात शिक्षण संपल्यावर १० वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. याच पैशांत न्यूयॉर्कचे राहणे, जेवण आणि पुस्तके भागवायची होती, शिवाय मुंबईत रमाबाई आणि घरच्या मंडळींसाठीही काही पाठवायचे होते.

जुलै १९१३ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आधी हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण मानवेना, ताटात गोमांसही येई. आठवड्याभरातच ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथे काही भारतीय विद्यार्थी राहत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर त्यांचा जम बसला. ही मैत्री जन्मभर टिकली.

सांगायची गोष्ट अशी, की एवढ्या बदलांत त्यांना जात कोणी विचारली नाही. साताऱ्याच्या शाळेत ज्याला पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता, तो मुलगा इथे सर्वांच्या पंगतीला बसत होता. सेलिग्मन, जॉन ड्युई अशा नामांकित प्राध्यापकांच्या वर्गात शिकत होता. अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध एका परिसंवादात वाचला, तेव्हा त्यांचे वय अवघे २५ होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे २,००० पुस्तके जमवली.

तिथून ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, महालेखापालांच्या कचेरीत. बदलीच्या गावी बिऱ्हाड शोधण्याची दगदग आम्हा बँकवाल्यांना चांगलीच माहीत आहे, पण त्यांच्यापुढचा पेच निराळाच होता. कोणी जागाच देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून, रोजच्या दीड रुपयावर ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसे काठ्या घेऊन दारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत जागा सोडा, नाहीतर परिणाम वाईट होतील, अशी धमकी देऊन गेली. ओळखीच्या दोघांना विचारून पाहिले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. कमाटीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

न्यूयॉर्कमध्ये जिवाला जीव देणारा सोबती पारशी होता आणि बडोद्यात काठ्या घेऊन आलेलेही पारशी होते. म्हणून दोष कोणा एका समाजाला देता येत नाही. ज्या संस्थानाने त्यांच्या शिक्षणावर पैसा खर्च केला, त्याच्याच राजधानीत त्यांना रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही, एवढे खरे.

अर्धे राहिलेले शिक्षण त्यांनी सोडले नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी १,५०० रुपयांची मदत केली, भथेनांनी ५,००० रुपये उसने दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ग्रंथालय आणि रात्री भूक लागली की भाजलेले पापड, असे दिवस काढून १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. आम्हा बँकेच्या माणसांना त्याचा विशेष अभिमान वाटतो.

मायदेशी परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. जानेवारी १९२५ मध्ये या सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शिकणाऱ्या मुलाला आधी डोक्यावर छप्पर लागते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. पुढे १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. तेव्हा औरंगाबाद आणि आपले आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली.

आजही बेला, जैनथ, उटनूर, इंद्रवेल्लीकडची मुले शिकायला आदिलाबाद शहरात येतात आणि भाड्याची खोली शोधत गल्लोगल्ली फिरतात. त्यांच्यासाठी हे शहरही परकेच असते. दार उघडल्यावर आपण त्यांना कॉलेज कोणते ते विचारतो, की आडनाव? आपली मुले दूर देशी सुखरूप राहावीत असे वाटत असेल, तर आपल्या दाराशी आलेल्या मुलाला आधी आत बोलवावे आणि पाणी द्यावे. भाड्याचे मग बोलता येईल.