गोपिकाबाईंची पत्रे

पेशव्यांच्या घरातल्या बायकांत आनंदीबाईंचे नाव सर्वांच्या तोंडी असते. मी मात्र गोपिकाबाईंविषयी चार शब्द लिहिणार आहे.

त्या वाईच्या रास्त्यांच्या कन्या. १७३० साली नानासाहेबांशी लग्न झाले तेव्हा अगदी लहान होत्या. हट्टी, कारभारात लुडबूड करणारी बाई, असे त्यांना पुष्कळांनी म्हटले आहे. असतीलही हट्टी. पण त्यांच्या वाट्याला काय काय आले ते वाचताना माझ्या हातातले काम तसेच राहिले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर थोरला विश्वासराव पडला. वय अवघे अठरा. नानासाहेब उत्तरेकडे निघाले होते, त्यांना ही वार्ता वाटेत एका सावकारी पत्रातून कळली. त्यात मोती आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत माणसांचा हिशेब होता. पोटच्या पोराचे मरण असे जमाखर्चाच्या ओळीत यावे, हे मला फार लागले! त्याच जूनमध्ये नानासाहेबही पर्वतीवर वारले.

दुसरा माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. पण मायलेकांचे पटेना. कारभारात आईचे चालू द्यायचे नाही, हा त्याचा बाणा. तो त्याच्या जागी बरोबरच होता. अखेर त्या नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. मग उरले ते मुख्यतः पत्रांचे नाते. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव क्षयाने थेऊरास गेले, आणि पुढल्याच वर्षी गणपतीच्या दिवसांत नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. तिघांपैकी एकानेही तिशी पाहिली नाही.

नारायणरावाच्या मागे १७७४ साली पुरंदरावर नातू जन्मला, सवाई माधवराव. त्याची आई गंगाबाईही १७७७ साली वारली. या पोरक्या नातवाने कसे वागावे, हे आजीने त्याला पत्राने कळवले. ते पत्र प्रसिद्ध आहे. पहाटे उठणे, स्नानसंध्या, लिहिणे-वाचणे, दरबारात कसे बसावे-बोलावे, नाना फडणिसांचे कसे ऐकावे, असा सारा दिवस तिने त्यात लावून दिला आहे. शिकवायला घरात दुसरे होते कोण? तीन मुलगे गमावलेल्या बाईला नातवाच्या आंघोळीची आणि अक्षराची काळजी वाहावी लागली, हे आपणां बायकांना सांगायला नको.

१७८८ साली त्या नाशिकास वारल्या. नातू १७९५ साली शनिवारवाड्यात वरून पडून गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. तेवढे एक त्यांना पाहावे लागले नाही.