बर्फातली लपलेली उष्णता शोधणारे डॉक्टर : जोसेफ ब्लॅक

मुरगळलेल्या घोट्यावर बर्फाची पिशवी ठेवली की ती बराच वेळ थंड राहते. तिच्यात नुसते गार पाणी भरले, तर ते लवकर कोमट होते. यामागचे कारण एका डॉक्टरने शोधले, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल.

जोसेफ ब्लॅक यांचा जन्म १७२८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात झाला. वडील मूळचे बेलफास्टचे, वाइनचे व्यापारी. जोसेफ यांनी ग्लासगो आणि एडिंबरा इथे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. त्या काळी मुतखडा विरघळावा म्हणून रुग्णांना चुन्याची निवळी पाजत. त्याहून सौम्य औषध शोधताना ब्लॅक मॅग्नेशियाकडे वळले आणि त्यांच्या हाती लागला तो कार्बन डायऑक्साइड वायू! मुतखडा राहिला बाजूलाच.

पुढे ग्लासगो विद्यापीठात शिकवताना त्यांना बर्फाने कोड्यात टाकले. बर्फ वितळण्याच्या तापमानाला पोहोचला की अगदी थोड्या उष्णतेने सगळा वितळतो, असा तेव्हा समज होता. तसे असते तर वसंतात डोंगरावरचा बर्फ एकदम वितळून दरवर्षी महापूर आले असते, असा ब्लॅक यांचा तर्क होता.

त्यांनी दोन सारखी काचपात्रे घेतली. एकात बर्फाइतके गार पाणी, दुसऱ्यात तितक्याच वजनाचा बर्फ. दोन्ही एकाच खोलीत ठेवली. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने तापले. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. एवढा वेळ उष्णता आत जात होती, पण बर्फ पुरता वितळेपर्यंत थर्मामीटर हलत नव्हता. या लपलेल्या उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तुमची पिशवी ही उष्णता घोट्यातून ओढून घेते. म्हणूनच बर्फ कापडात गुंडाळून लावा आणि १५-२० मिनिटांत काढा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

वाफेचे गणित तर आणखी मोठे. उकळत्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात आणि त्वचेवर वाफेचे पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता त्वचेला मिळते. सर्दीत वाफ घेताना भाजते ते यामुळे. लहान मुलांना उकळत्या पातेल्याजवळ बसवूच नका. भाजलेच, तर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी. बर्फ नको, टूथपेस्टही नको.

ब्लॅक यांनी हा शोध वर्गात शिकवला, पण स्वतः कधी छापला नाही. त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आली ती मृत्यूनंतर, १८०३ मध्ये. १७६६ पासून ते एडिंबरात प्राध्यापक होते आणि रुग्णही तपासत. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर तेच. स्वतःची प्रकृती मात्र नाजूक, जरा जास्त श्रम झाले की थुंकीतून रक्त पडे. मोजके खाणे आणि शांत दिनक्रम यांच्या बळावर त्यांनी सत्तरी गाठली. १७९९ च्या डिसेंबरात ते खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. मांडीवर दुधाचा पेला होता, त्यातला थेंबही सांडला नव्हता, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवले आहे.